फौजीच्या माघारी फॅमिली पेन्शन : या चुका टाळा

अर्ज परत आल्यावर माझ्याकडे येणाऱ्या मावश्या आणि वहिनी पुष्कळ आहेत. अर्ज करायच्या आधी मात्र क्वचितच कुणी येतं. मी वीस वर्षं फौजेत क्लार्क होतो. जवानाचं लग्न, लेकराचा जन्म, पत्ता बदलला, हे सगळं ज्या पार्ट टू ऑर्डरमध्ये चढतं, त्या लिहिण्यात माझी नोकरी गेली. आता अंबाजोगाईला असतो आणि आसपासच्या तालुक्यांतल्या माजी सैनिकांच्या घरचे कागद बघतो. यासाठी एक रुपया घेत नाही. तीच तीच चूक पाचव्या घरात दिसली की जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

एक गोष्ट आधी पक्की करा. फॅमिली पेन्शन अर्जावर मिळत नाही, रेकॉर्डवर मिळते. फौजेच्या दप्तरात आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, बायको म्हणून तुमचं नाव, तुमची जन्मतारीख नीट असेल तर अर्ज हे फार छोटं काम आहे. तिथे गडबड असेल तर कितीही सुबक अर्ज करा, तो परत येणार.

नावातला फरक ‘चालून जातो’ असं धरणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त महिने हीच खाते.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरची कौशल्या सासरी सुमन होते. नवरा रजा संपवून युनिटला जातो, लग्नाची नोंद करतो, आणि तिथे कोणतं नाव सांगायचं हे त्या दिवशी त्याच्या मनात जे येईल त्यावर ठरतं. कुणी लग्नपत्रिकेवरचं माहेरचं नाव देतो, कुणी सासरचं, कुणी आदराने पुढे ‘बाई’ लावतो. तीस वर्षांनी आधार कार्ड आलं, त्यावर तिसरंच काही छापलं. नवरा जिवंत असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही.

केज तालुक्यातल्या एका वहिनींचं असंच झालं. रेकॉर्डमध्ये कौशल्या, आधार-पॅन-बँक सगळीकडे सुमन (दोन्ही नावं मी इथे बदललीत). मुलगा पुण्यात कंपनीत, दोन दिवसांची सुट्टी काढून आलेला. त्याला कुणीतरी सांगितलं की फौजेचं रेकॉर्ड बदलायला वर्ष लागतं, आधार आठ दिवसांत बदलतं, तर आधारच बदल. त्याने आईचा शाळा सोडल्याचा दाखला लावला. दाखल्यावर कौशल्या होतं खरं, पण पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार तसं होऊन आलं. आता रेकॉर्डमध्ये एक नाव, आधारवर दुसरं आडनाव, पॅनवर तिसरंच. बँकेत केवायसी अडकलं, रेशनचं अडकलं, पेन्शनचा अर्ज तर परत आलाच. वहिनी माझ्यासमोर बसून म्हणाल्या, “भाऊ, आता मी नेमकी कोण हाय, तेच कुणी सांगंना.” ते वाक्य अजून कानात आहे.

ते सगळं उलटं फिरवायला चौदा महिने गेले. राजपत्रात नाव प्रसिद्ध केलं, आधार पुन्हा सुमन केलं, मग कौशल्या आणि सुमन ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र, जुनं रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला, नवऱ्यासोबतचा फोटो, असा सगळा गठ्ठा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. तिथे दुरुस्ती झाली, पीपीओची दुरुस्ती निघाली, मग पेन्शन. सरळ वाटेने गेलो असतो तर यातलं निम्मंही करावं लागलं नसतं.

माझी सवय सांगतो. कुणीही आलं की मी आधी अर्जाला हात लावत नाही. कोऱ्या कागदावर रेघा मारतो आणि प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं, इंग्रजी स्पेलिंगसकट उतरवतो. पीपीओ, डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते पुस्तक), आधार, पॅन, पासबुक, मृत्यूचा दाखला. लक्ष्मीचं स्पेलिंग एकीकडे एक्स घालून, दुसरीकडे के-एस-एच घालून असतं, ते तिथेच दिसतं. जन्मतारखेचंही तसंच करतो. जे नाव सर्वांत जास्त कागदांवर आहे ते कायम ठेवायचं आणि उरलेलं एक-दोन ठिकाणी दुरुस्त करायचं. चार कागद एका चुकीला जुळवायचे नाहीत. घाईत असलेली पोरं या अर्ध्या तासाला कंटाळतात. मी त्यांना बसवून घेतो.

आणि ज्यांचे मालक अजून हयात आहेत त्यांनी आजच पेटी उघडून पीपीओवर आपलं नाव बघावं. दुरुस्ती करणारा माणूस स्वतः सही करायला आहे तोवर हे काम सोपं असतं.

माणूस गेल्याचं न कळवता पेन्शन काढत राहणं

हे लिहिताना मला राग येतो, आणि तो लपवत नाही.

लातूरकडच्या एका घरातली गोष्ट. नाईक हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला. एटीएम कार्ड धाकट्या मुलाकडे. भाऊबंदात कुणीतरी सांगितलं, कळवलं की पेन्शन निम्मी होते, नोव्हेंबरपर्यंत काढून घ्या. नऊ महिने काढली. हयातीचा दाखला आला नाही म्हणून पेन्शन थांबली, मग चौकशी, मग मृत्यूची तारीख समोर आली, मग वसुली. ती वसुली कुणाच्या माथी? आईच्या फॅमिली पेन्शनमधून महिन्याला कपात. ज्या बाईला एटीएमचा पिन माहीत नव्हता, तिच्याकडून.

आता यातली खरी वाईट गोष्ट ऐका. निवृत्तीनंतर नवरा गेला तर विधवेला सुरुवातीला वाढीव दराने फॅमिली पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, मात्र नवऱ्याला मंजूर झालेल्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. ती मृत्यूनंतर ७ वर्षं, किंवा तो असता तर ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. त्यानंतर साधा दर, ३० टक्के, आणि किमान ९,००० रुपये, वर महागाई भत्ता. हा माणूस ५८ व्या वर्षी गेला होता. म्हणजे त्या आईला पहिली सात वर्षं वाढीव दर लागू होता. ‘निम्मी होते’ हे ऐकीव होतं. पोरांनी जे वाचवायला लबाडी केली, ते आईच्या हक्कातच होतं, आणि तेही मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून.

म्हणून दहाव्याच्या आधी नाही, पण तेराव्यानंतर पहिलं काम हेच करा: मृत्यू कळवा. पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर, असेल तर तिथे, बँकेतून मिळत असेल तर बँकेत, आणि दोन्ही बाबतींत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही लेखी द्या. पोच घ्या. खातं नवरा-बायकोचं जोडखातं असेल तर ते बंद करायला धावू नका, तेच कामी येतं.

मृत्यूचा दाखला चुकीच्या ठिकाणी मागणं

नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. माणूस परळीचा असला तरी सोलापूरच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला सोलापूरहून. गावच्या ग्रामसेवकाशी भांडून उपयोग नाही. नोंदीची मुदत २१ दिवस, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्यावरचं नाव पीपीओशी जुळतं का, हे खिडकीवर उभं राहूनच वाचा.

कोर्टाच्या वारस दाखल्यामागे लागणं

पीपीओवर बायको म्हणून तुमचं नाव असेल तर फॅमिली पेन्शनसाठी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. फॅमिली पेन्शन ही जमिनीसारखी वाटणीची वस्तू नाही. ती मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलंय. दीर, सासरे ‘आमचाही हिस्सा’ म्हणत असतील तर त्यांना हे शांतपणे सांगा. पहिली बायको हयात असताना, घटस्फोट न घेता दुसरं लग्न झालं असेल, तर मात्र प्रकरण अवघड आहे. ते लपवून अर्ज करू नका, आधी येऊन खरं सांगा.

जिल्ह्याचं नाव

हे आपल्या मराठवाड्याचं खास दुखणं. जालना आणि लातूर जिल्हे १९८० नंतरचे, हिंगोली १९९९ चा. वसमतचा जवान १९७५ ला भरती झाला तर रेकॉर्डमध्ये जिल्हा परभणी, आणि बायकोच्या आधारवर हिंगोली. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. एवढ्यावरून घाबरून एजंट गाठू नका. अर्जासोबत साध्या पत्रात ‘पूर्वीचा जिल्हा अमुक, आताचा तमुक, गाव तेच’ असं लिहा आणि तहसीलचा रहिवासी दाखला जोडा. मी दरवेळी हेच करतो.

पत्र युनिटला पाठवणं

नवरा शेवटी काश्मीरला होता म्हणून तिकडच्या युनिटला पत्रं पाठवतात. युनिट केव्हाच हललेलं असतं. कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पत्र स्पीड पोस्टानेच पाठवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, मलाही नाही.

हयातीचा दाखला आणि कारखान्याचा पट्टा

बीड जिल्ह्यात हे दरवर्षी होतं. पेन्शन असली तरी घरात सून-मुलगा कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात, म्हातारी नातवंडं सांभाळायला सोबत जाते. दसरा-दिवाळी झाली की टोळी सांगली, कोल्हापूरकडे निघते, आणि नेमका तोच हयातीच्या दाखल्याचा काळ. फेब्रुवारीत निरोप येतो, पेन्शन बंद पडली. दाखला आपल्याच गावात द्यावा लागतो हा समज काढून टाका. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, देशात कुठेही होतं, कारखान्याच्या गावातल्या सेवा केंद्रातही. आधार, मोबाइल आणि पीपीओ नंबर सोबत ठेवा.

दोन गोष्टी तिथे बिघडतात. एक, आयुष्यभर खुरपं आणि कोयता धरलेल्या हाताचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. पोरगा तीनदा अंगठा दाबतो आणि ‘मावशी, होत नाही’ म्हणून परत पाठवतो. त्याला चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर ती सोय आहे. दुसरी, पेन्शन देणारी संस्था निवडताना तो बँकेचं नाव टाकतो. तुमची पेन्शन स्पर्शवर असेल तर तिथे स्पर्शच निवडायला हवं. नाहीतर दाखला झाल्याची पावती हातात असते, आणि पेन्शन तरीही बंद. मी पावतीवरची ती एक ओळ वाचल्याशिवाय कुणाला उठू देत नाही.

न विचारता साधी पेन्शन पत्करणं

सेवेत असताना मृत्यू झाला असेल तर तो कशाने झाला याला फार महत्त्व आहे. सेवेमुळे ओढवलेला मृत्यू असेल तर विशेष फॅमिली पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के. लढाईत किंवा कारवाईत आलेला मृत्यू असेल तर उदारीकृत, शेवटच्या पगाराइतकी. कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, म्हणजे मृत्यूबद्दलच्या फौजेच्या चौकशीची, प्रत मागा. दुःखात असलेल्या बाईपुढे कागद ठेवून सह्या घेतल्या जातात आणि नंतर कुणी विचारत नाही. उशीर करू नका. लष्करी न्यायाधिकरणात जावं लागलं तरी थकबाकी साधारण अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

नवरा फौजेनंतर पोलीस, बँक किंवा एसटीत लागला होता का? तर २४ सप्टेंबर २०१२ पासून दोन्हीकडची फॅमिली पेन्शन मिळण्याचा नियम आहे. एकीवरच थांबलेल्या बाया मी अजून बघतो.

घरात अपंग मूल असेल तर त्याची नोंद आईच्या हयातीतच करून घ्या. त्याला आयुष्यभर पेन्शन मिळू शकते. आई गेल्यावर ते लेकरू कुठे कागद गोळा करत फिरणार?

नवऱ्याने पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत स्वतःहून नोकरी सोडली असेल तर बहुतेक वेळा पेन्शन नाही. हे ऐकायला कठीण आहे, पण पाच हजार घेऊन ‘करून देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा हे ऐकणं बरं. अशा ६५ वर्षांवरच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्राच्या निधीतून मदत मिळते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच होतो, फुकट. ओटीपी कुणालाही सांगू नका.

‘काहीच कागद नाही’ म्हणून घरी बसणं

औंढ्याकडच्या एका आजी. नवरा एकाहत्तरच्या लढाईत होता, पुढे पूर्ण नोकरी करून आला आणि लवकरच वारला. पुरात घर पडलं, डिस्चार्ज बुक गेलं. आर्मी नंबर कुणालाच माहीत नाही, आणि नंबराशिवाय रेकॉर्ड ऑफिस तरी काय शोधणार? आजींनी कधी अर्जच केला नाही. मी विचारलं, जुन्या मनीऑर्डरच्या पावत्या? नाहीत. ट्रंक, जिच्यावर फौजी नंबर रंगवतो? विकली. मग मेडल? आजी आत गेल्या आणि देवघरातून एक मेडल घेऊन आल्या. इतकी वर्षं त्याला रोज हळदी-कुंकू वाहत होत्या. मेडलच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. कडेवरचं कुंकू चिंचेच्या पाण्याने काढलं, नातवाने मोबाइलचा उजेड धरला, आणि एकेक आकडा वाचून मी लिहून घेतला, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. त्याच दिवशी हिंगोलीहून रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पत्र टाकलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. त्यात पत्नी म्हणून आजींचं नाव होतं, एकही अक्षर न चुकता.