केबल सोडून डीटीएच घेताना आधी खिडकीतले आकाश पाहावे

मुंबईत केबल बंद करून डीटीएच घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा पॅकच्या किमतीची होते आणि सिग्नल टिपणारी छत्री (डिश) कुठे लावायची हा प्रश्न तंत्रज्ञ दारात येऊन उभा राहीपर्यंत कोणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते या शहरात हा क्रम नेमका उलटा असायला हवा. चित्राच्या स्पष्टतेसाठी केबल सोडण्याचे फारसे कारण आता उरलेले नाही, कारण मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलही सेट-टॉप बॉक्समधून डिजिटल स्वरूपातच येऊ लागली. खरा फरक इतकाच की केबलची वायर इमारतीच्या कोणत्याही बाजूने घरात येऊ शकते, पण उपग्रहाचा सिग्नल एकाच दिशेने येतो आणि ती दिशा मोकळी नसेल तर कितीही चांगला बॉक्स घेतला तरी उपयोग होत नाही.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या गतीनेच फिरतात, म्हणून आकाशात एकाच जागी स्थिर असल्यासारखे भासतात. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि आपल्याकडचे डीटीएच उपग्रह त्याच्या पूर्वेला असल्यामुळे शहरातील सर्व छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात. पण आग्नेय म्हटले तरी कंपनीनुसार बराच फरक पडतो. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईतून तो दक्षिणेकडे झुकलेला आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच दिसतो. डीटूएच ८८ अंशांवर, डीडी फ्री डिश ९३.५ अंशांवर आणि डिश टीव्ही ९५ अंशांवर असून त्यांची उंची अनुक्रमे ६२, ५७ आणि ५६ अंशांच्या आसपास भरते. एअरटेलचा १०८.२ अंशांवरचा उपग्रह मात्र बराच पूर्वेकडे आणि फक्त ४४ अंश उंचीवर येतो.

या आकड्यांचा अर्थ घरबसल्या काढता येतो. मुलांच्या कंपासपेटीतील कोनमापक सरळ कड वर येईल असा उलटा धरावा आणि त्याच्या मध्यबिंदूतून दोरा ओवून टोकाला एखादा नट लटकवावा. मग सरळ कडेवरून नजर लावून समोरच्या इमारतीचे टोक नेमके दिसेपर्यंत कोनमापक कलता करावा. दोरा ९० च्या आकड्यापासून जितके अंश सरकेल, तितक्या अंशांपर्यंतचे आकाश त्या इमारतीने व्यापलेले आहे असे समजावे. समोरची इमारत त्या दिशेला ३० मीटरवर असेल, तर ४४ अंशांच्या उपग्रहासाठी ती आपल्या छत्रीपेक्षा सुमारे ९ मजल्यांहून अधिक उंच असता कामा नये. ६५ अंशांच्या उपग्रहासाठी मात्र ती २० मजले उंच असली तरी चालते. दिशा पाहताना मोबाइलमधील होकायंत्र लोखंडी ग्रिलजवळ धरू नये, कारण लोखंडामुळे काटा भलतीकडे वळतो. आमच्याकडे आलेला तंत्रज्ञ दिशा खोलीच्या मध्यभागी उभा राहून पाहायचा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायचा आणि मगच ग्रिलकडे जायचा. त्याची ही सवय मला फार मोलाची वाटली. शेजाऱ्यांच्या छत्रीवरून उंचीचा अंदाजही बांधू नये, कारण या छत्र्यांची रचनाच अशी असते की प्रत्यक्षात त्या दिसतात त्यापेक्षा बरेच वरचे आकाश पाहत असतात.

आजचे मोकळे आकाश उद्याही मोकळे राहील का, हा प्रश्न पुनर्विकासाच्या या शहरात विचारावाच लागतो. मुलुंडच्या आमच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, छत्री पूर्वेच्या ग्रिलवर लावली होती आणि चार वर्षे काही तक्रार नव्हती. समोरची जुनी चार मजली इमारत पाडून तिथे नवे बांधकाम वर चढू लागले, तशी आईच्या संध्याकाळच्या मालिकेची चित्रे चौकोनी तुकड्यांत फुटू लागली आणि पुढे महिन्याभरात पडद्यावर फक्त ‘सिग्नल नाही’ एवढेच उरले. शेवटी सोसायटीला अर्ज देऊन छत्री गच्चीवर न्यावी लागली. म्हणून आग्नेयेला तीन-चार मजल्यांची जुनी इमारत असेल, तर पहिल्यापासूनच गच्चीचा विचार करावा आणि सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी. नव्या टॉवरमध्ये अनेकदा गच्चीवर सामायिक छत्री असते आणि प्रत्येक घरात वायर आधीच आलेली असते. तिथे कोणत्या कंपनीची सोय आहे हे व्यवस्थापकाला विचारले की निवड जवळपास झालीच.

पावसाबद्दल स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. डीटीएचचा सिग्नल केयू बँड या आखूड लहरींच्या पट्ट्यात येतो आणि मुसळधार सरीत तो विरतो. केबलवाल्याच्या नियंत्रण कक्षातील मोठ्या छत्र्या प्रामुख्याने सी बँड या लांब लहरींच्या पट्ट्यावर चालतात, त्यामुळे त्यांना हा त्रास फारसा होत नाही. जुलैत काही मिनिटे चित्र जाणे हे गृहीतच धरावे. साध्या सरीतही ते जात असेल, तर छत्री नीट जुळवलेली नाही असे समजून तक्रार करावी. बाकी सर्व समान असेल तर आकाशात अधिक उंच दिसणाऱ्या उपग्रहाचा सिग्नल पावसातून कमी अंतर कापतो, हेही लक्षात ठेवावे.

घरात दोन टीव्ही असतील, तर ते आधीच सांगावे. छत्रीपुढील एलएनबीला, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या भागाला, बॉक्सकडून येणारा १३ किंवा १८ व्होल्टचा दाब कोणत्या ध्रुवीकरणाच्या (उभ्या की आडव्या) लहरी घ्यायच्या हे ठरवतो, म्हणून एकच वायर साध्या स्प्लिटरने फोडून दोन बॉक्सना देता येत नाही. दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायर लागतात. टीव्ही एचडी असेल तर बॉक्सही एचडीच घ्यावा आणि तो एचडीएमआय वायरनेच जोडावा. घरात चांगले ब्रॉडबँड असेल, तर इंटरनेटवरील अ‍ॅपही चालवणाऱ्या अँड्रॉइड बॉक्सचे जास्तीचे पैसे वसूल होतात. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही, त्यामुळे तो विकत मिळतो आहे की वापरापुरता, हे पावतीवर पाहून घ्यावे.

वाहिन्यांचा हिशोब त्यानंतरच करावा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या फेब्रुवारी २०१९ पासूनच्या व्यवस्थेत प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किंमत जाहीर करावी लागते आणि ती केबलला व डीटीएचला सारखीच असते; फरक पडतो तो नेटवर्क शुल्कात आणि पॅकच्या रचनेत. घरातली माणसे आठवडाभर खरोखर काय पाहतात ते कागदावर लिहून काढावे आणि त्या वाहिन्या सुट्या घेतल्यास किती होतात हे पॅकशी ताडून पाहावे. बातम्या, जुने चित्रपट आणि सह्याद्री वाहिनी एवढ्यावर समाधान असेल, तर डीडी फ्री डिशला मासिक शुल्कच नाही, फक्त छत्री व बॉक्सचा एकदाचा खर्च आहे. तिथल्या खासगी वाहिन्या मात्र लिलावानुसार बदलत असतात.

जोडणी शक्यतो मेपूर्वी करून घ्यावी. समुद्राची खारी हवा नट-बोल्ट दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते, म्हणून ते गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे आहेत का ते पाहावे. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झुकता वळसा द्यायला सांगावे, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच ठिबकून जाते आणि भिंतीतून आत येत नाही. तंत्रज्ञ जाण्यापूर्वी बॉक्सच्या मेनूतील सिग्नलची ताकद व गुणवत्ता या दोन्ही पट्ट्यांचा फोटो काढून ठेवावा. पुढे तक्रार करताना तोच उपयोगी पडतो.

केबल मात्र लगेच बंद करू नये. अनेक वस्त्यांत इंटरनेटही त्याच केबलवाल्याकडून आलेले असते, त्यामुळे दोन्हींची बिले वेगळी आहेत का ते आधी विचारावे. एक महिना दोन्ही सेवा चालू ठेवून नवी जोडणी नीट पारखावी, त्यानंतर बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि जुना बॉक्स, रिमोट व अडॅप्टर परत करताना बॉक्सच्या क्रमांकासह पावती घेऊन अनामत रक्कम मागून घ्यावी. ती मिळत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.