कारवानीची जोडी ठरवताना: डॉग शोचा चषक पाहावा का?

"नराला शोमध्ये बक्षीस आहे का?" आपल्या कारवानी, म्हणजे भरधाव पळणाऱ्या देशी शिकारी जातीच्या, कुत्रीसाठी नर शोधणारा माणूस हल्ली पहिल्यांदा हेच विचारतो. आमच्या सांगलीकडच्या जत भागात वस्त्यांवर वर्षानुवर्षं कारवानी राखली गेली, पण जोडी लावताना कुणी चषक विचारला नाही. नर पळतो कसा, राखणीला कसा आहे आणि त्याची आधीची पिल्लं कशी निघाली, एवढंच माणसं बघत. माझंही मत तेच आहे. वंशासाठी कुत्रं निवडायला शो लागत नाही. शोमध्ये जे दिसतं ते अंगणात उभं राहूनही तपासता येतं, आणि जे रानात कळतं ते शोच्या रिंगणात कधीच कळणार नाही.

सुरुवात हातांनी करा. मालकाला कुत्रं धरायला सांगा आणि ओठ उचलून दात बघा. मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात आणि वरचे पुढचे दात खालच्या दातांवर जेमतेम चढलेले हवेत. खालचा जबडा पुढे आलेला असेल तर तो नर सोडून द्या. दोन्ही अंड खाली उतरलेले आहेत का ते चाचपा. एकच उतरला असेल तर कुत्रा कितीही देखणा असो, त्याचा वंश वाढवू नका, कारण हा दोष पिल्लांत उतरतो. छाती खोल, पोट वर ओढलेलं, पाठीवर आणि मांड्यांवर सुका, घट्ट स्नायू हवा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर घाबरू नका, कारवानी तशीच असते. उलट चरबीनं गोल झालेला नर बघितला की मी मालकाला आधी त्याला पळवायला सांगतो. पंज्यांची बोटं एकमेकांना धरून असावीत. पसरट पंजा आमच्या खडकाळ माळावर टिकत नाही.

आता पळवून बघा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. रिंगणात जज कुत्र्याला दुडक्या चालीनं फिरवतो. त्यातून पाय सरळ पडतात का, कोपरं बाहेर फाकतात का, हे नक्की दिसतं. पण कारवानीचं काम भरधाव पळण्याचं आहे. त्या पळण्यात एका झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा आणि एकदा अंग पूर्ण लांबतं तेव्हा. ही झेप कुठल्याही मंडपात मावत नाही. थंडीतल्या सकाळी, पीक काढलेल्या मोकळ्या रानात, विहीर आणि काटेरी तार लांब आहे याची खात्री करून दोरीला बांधलेलं पोतं ओढा आणि कुत्रं मागे सोडा. वळताना मागचा भाग घसरतो का, थांबल्यावर कुठला पाय उचलून धरतो का, धाप किती लवकर बसते, हे बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन तो लंगडत तर नाही ना, हेही बघा. सशामागे मात्र सोडू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे, आणि पारखीसाठी तिची गरजही नाही.

स्वभाव मालकाच्या घरीच कळतो. परक्यानं अंगाला हात लावलेला कारवानीला आवडत नाही, म्हणून अस्सल राखणीचं कुत्रं रिंगणात जजपुढे आखडून उभं राहतं आणि मागे पडतं. तो दोष धरू नये. पण भीतीपोटी चावणारा किंवा घरच्या पोरांवर गुरगुरणारा नर मी घेणार नाही, त्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत.

कागद बघताना एक ध्यानात ठेवा. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद कॅरवान हाउंड म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. नाव वेगळं दिसलं म्हणून रक्त वेगळं समजू नका, आई-बाप आणि आजे-पणजे वाचा. शोमुळे खरं नुकसान इथेच होतं. एक नर जिंकतो, मग चार तालुक्यांतले लोक आपापल्या कुत्र्या त्याच्याकडेच नेतात, आणि काही वर्षांनी कुठलीही जोडी लावा, आजा तोच निघतो. सावत्र भावंडांच्या जोडीत पिल्लांचा अंतःप्रजननाचा, म्हणजे आई-बापाचं रक्त किती एक आहे याचा, आकडा 12.5 टक्के होतो, सख्ख्यांच्या जोडीत 25. पिल्लं कमी होणं, अशक्त निघणं, लपलेले आजार वर येणं, हे सगळं त्यामागून येतं.

चषक म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. इंग्लंडातल्या क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोमध्ये 2012 साली आपापल्या जातीत पहिले आलेले पेकिनीज आणि बुलडॉग पशुवैद्यांच्या तपासणीत नापास झाले आणि त्यांना पुढच्या फेरीत जाऊ दिलं नाही. उलट ब्रिटनमधल्या मेंढपाळांनी 1906 साली स्वतःची संस्था काढली आणि बॉर्डर कोलीची निवड मेंढरं हाकण्याच्या कामावर केली. ते कुत्रं आजही मेंढरांमागे जगात नावाजलेलं आहे.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे आधीची पिल्लं. वळूची पारख त्याच्या कालवडींच्या दुधावरून होते, तशी नराची त्याच्या वाढलेल्या पिल्लांवरून. वर्ष-दीड वर्षाची झालेली त्याची पिल्लं जिथे असतील तिथे जा. मालकाला न विचारता शेजाऱ्यांना विचारा.

जोडी ठरली की लावण्याआधी दोघांच्याही रक्ताची ब्रुसेला तपासणी करून घ्या. या रोगानं कुत्री गाभ टाकते, आणि तो माणसालाही होऊ शकतो. कुत्री पहिल्याच माजावर लावू नका. श्वान प्रजननाच्या 2017 च्या नियमांनुसार ती 18 महिन्यांची तरी हवी, आयुष्यात 5 पेक्षा जास्त वेत घेऊ नयेत आणि पिल्लं 8 आठवडे पुरी झाल्याशिवाय विकू नयेत.

मग शोला जाऊच नये का? जरूर जा, पण बघायला. सांगली-कोल्हापूरकडच्या शेती प्रदर्शनांत डॉग शो असतो तेव्हा एकाच ठिकाणी अनेक कारवानी बघायला मिळतात, डोळा तयार होतो, लांबच्या रक्ताचा नर कुणाकडे आहे ते कळतं. निकाल लागेपर्यंत थांबू नका. रिंगणाबाहेर पिंजऱ्याशी बसलेल्या मालकांशी बोला, त्यांच्या घरचा पत्ता घ्या, आणि पुढच्या महिन्यात सकाळच्या वेळी, न कळवता, तिथे जाऊन तो नर रानात बघा.