चाळिशीत दाताला तारा, सोबत मायग्रेन आणि बीपी: कसं निभवायचं

तारा लावल्या की दात दुखणार हे सगळेच सांगतात, पण ज्याचं डोकं आधीपासूनच महिन्यातून पाच-सहा दिवस दुखतं, वर बीपीची गोळी चालू आहे आणि झोपेत दात खायची सवय आहे, त्याने काय करायचं हे कोणी धड सांगत नाही. मी ४१व्या वर्षी तारा लावल्या, मायग्रेन त्याच्या बराच आधीपासून मुक्कामाला होता, आणि पहिले चार महिने मी जे काही दुखेल त्याचं खापर तारांवर फोडत होते. ते चूक होतं, कारण एकदा "तारांमुळेच होतंय" म्हटलं की आपण बाकी काही शोधतच नाही.

सुरुवात फॉर्मपासून. क्लिनिकमध्ये "इतर आजार" म्हणून एक ओळ असते, मी त्यात "मायग्रेन" लिहून मोकळी झाले. तसं करू नका. एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं, डोस, कधीपासून चालू आहेत ते लिहा आणि तो कागद ऑर्थोडॉन्टिस्टच्या (तारा लावणाऱ्या दातांच्या डॉक्टरच्या) हातात द्या, कारण बऱ्याच औषधांचा थेट तोंडाशी संबंध असतो. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची अगदी कॉमन गोळी, तिने काही जणांच्या हिरड्या वाढतात, फिटची फेनिटॉइन पण तसंच करते, आणि ब्रॅकेटभोवती (वायर धरायला दातावर चिकटवलेले छोटे तुकडे) घाण साचत असेल तर अजूनच. माझ्या हिरड्या सुजल्या तेव्हा तीन महिने मी "नीट ब्रश करत नाही" म्हणून बोलणी खाल्ली, दोन-दोनदा ब्रश करून थकले, शेवटी गोळीचा विषय निघाला आणि बीपीच्या डॉक्टरांनी ती बदलून दिली. (त्यांनी बदलली, मी मनाने बंद केली नाही, हे महत्त्वाचं.) मायग्रेन येऊ नये म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर तोंड कोरडं पडतं, लाळ कमी म्हणजे कीड लवकर, तेव्हा फ्लोराइडची पेस्ट आणि मधेमधे पाणी पिणं सोडायचं नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडसारखं औषध घेत असाल, किंवा आधी कधी घेतलं असेल, तर ते तारा लावायच्या आधीच सांगा, कारण दात सरकतो तो हाड एका बाजूला झिजून दुसऱ्या बाजूला भरल्यामुळे आणि ही औषधं नेमकं ते झिजणंच कमी करतात. डायबेटिस असेल तर आधी शुगर आटोक्यात, मग तारा. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटत असेल तर तेही सांगा, लवचिक वायरमध्ये साधारण निम्मं निकेल असतं, दुसरे पर्याय मिळतात.

आता दुखण्याचं घड्याळ. वायर टाइट केली की काही तासांत दात ठणकायला लागतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग हळूहळू उतरत आठवड्याभरात बरंचसं संपतं. हे घड्याळ डोक्यात ठेवा म्हणजे बाकीचं दुखणं वेगळं काढता येतं. टाइट करून पंधरा दिवस झाले आणि सकाळी उठल्या उठल्या दोन्ही कानशिलं जड, जबडा आखडलेला, तर रात्री दात आवळले जातायत. एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड नको, आवाज नको, तर मायग्रेन. गोंधळ होतो कारण दातांची आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी नस एकच, ट्रायजेमिनल, आणि मायग्रेनमध्येही तीच पेटलेली असते, त्यामुळे दाताच्या दुखण्याने मायग्रेन चाळवू शकतो आणि कधीकधी मायग्रेन चक्क दाढेत दुखतो.

म्हणून डायरी. मोबाइलमध्ये चार गोष्टी पुरतात: कुठे दुखलं, किती वाजता, गोळी कोणती घेतली, टाइट करून कितवा दिवस. बायकांनी पाळीची तारीखही टाका. माझ्या डायरीत दोन महिन्यांत दिसलं की टाइट करायची अपॉइंटमेंट आणि पाळी एकाच आठवड्यात आली की हमखास तीन दिवस आडवी. अपॉइंटमेंट आठवडाभर पुढे सरकवून मागितली, लगेच मिळाली, एवढ्याने कोणाचे दात वाकडे होत नाहीत. तारांऐवजी अलायनर (काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, ठरावीक दिवसांनी नवा सेट) असेल तर तोपर्यंत हातातला सेट घालत राहायचा आणि क्लिनिकला कळवायचं.

गोळ्यांबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळे फसतात. दाताच्या दुखण्याला बहुतेक वेळा पॅरासिटामॉल पुरते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दात सरकायला लागणारी रसायनंच अडवतात, म्हणून रोज-रोज लांबवून घेऊ नका असं सांगतात, एक-दोन दिवस घेतल्याने मोठा फरक पडत नाही, पण बीपी, किडनी किंवा अ‍ॅसिडिटी असेल तर आधी विचारा. खरी भानगड मोजण्याची आहे. साध्या पेनकिलर महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनचा अटॅक थांबवायच्या खास गोळ्या) किंवा मिक्स गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. आता बघा, मायग्रेनचे सहा दिवस, तारांचे चार, कंबरेचे तीन, हे वेगवेगळ्या खात्यात लिहिले तर काहीच वाटत नाही, एकत्र मोजले की आपण कडेलोटावर उभे असतो. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, पाकीट उलटून वाचा.

चहा-कॉफीचं एक कोणीच सांगत नाही. अलायनर दिवसाला २० ते २२ तास घालायचे आणि ते घालून पाण्याशिवाय काही प्यायचं नाही, त्यामुळे दिवसाला पाच कप पिणारा माणूस एका दिवसात दोनवर येतो, दुसऱ्या दिवशी डोकं फुटायला लागतं आणि तो म्हणतो अलायनर बाधले. कॅफिन अचानक तोडलं की असंच होतं. सुरू करायच्या दोन आठवडे आधीपासून एकेक कप कमी करत आणा.

जेवण चुकवणं हे मायग्रेनवाल्याला तर विषच. चावता येत नाही म्हणून उपाशी राहायचं, मग डोकं, मग उलटी, मग रिकाम्या पोटी गोळी, हे चक्र मी दोनदा केलंय. टाइट करायच्या आदल्या दिवशीच दोन दिवसांचं मऊ खाणं फ्रिजमध्ये असू द्या आणि भूक असो नसो ठरल्या वेळेला थोडं तरी खा. उलटी झाली तर लगेच ब्रश नको, अ‍ॅसिडने दाताचं वरचं कवच मऊ पडलेलं असतं, आधी साध्या पाण्याने चुळा, ब्रश अर्ध्या तासाने. अलायनर असेल तर मळमळायला लागल्यावरच काढून डबीत ठेवा, टिश्यूत गुंडाळून नाही, टिश्यूतला अलायनर कचऱ्यात जातोच.

खुर्चीवरचा त्रास वेगळा. वरचा दिवा थेट डोळ्यात, तोंड अर्धा तास आ वासलेलं, मागे मशीनचा आवाज. गॉगल मागा किंवा स्वतःचा न्या, चावून धरायचा रबरी ठोकळा मागा, आणि हात वर केला की थांबायचं हे आधीच ठरवून घ्या. लाज वाटते सुरुवातीला, मोठ्या माणसाने काय हे, पण जबड्याचे स्नायू मोठ्या माणसाचेच जास्त कुरकुरतात.

दात आवळायच्या सवयीवर एकच गोष्ट मला लागू पडली: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला सैल. कॉम्प्युटरच्या कडेला एक हिरवा ठिपका चिकटवला होता, दिसला की जबडा तपासायचा. रात्रीसाठी जुना नाइट गार्ड (दात घासू नयेत म्हणून झोपताना घालायचा साचा) असेल तर मनाने घालू नका, दात सरकतायत म्हणजे तो आता बसणार नाही आणि बसला तर चुकीच्या बाजूला ढकलेल, ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवा.

एमआरआय सांगितला असेल तर बुक करतानाच तारा आहेत हे सांगा. सहसा तारा काढाव्या लागत नाहीत, पण धातूमुळे चेहरा आणि मेंदूच्या पुढच्या भागाचं चित्र बिघडू शकतं, तेव्हा कधीकधी वायर तेवढी काढून घेतात. अलायनर आपले काढून बाजूला ठेवायचे.

आणि काही डोकेदुख्या डायरीत लिहीत बसायच्या नसतात. क्षणात आलेलं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, बोलताना अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, थेट हॉस्पिटल. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील दुखायला लागलं, केस विंचरताना टाळू हुळहुळते आणि चावताना जबडा भरून येऊन थांबावं लागतं, तर ते तारांचं म्हणून सोडू नका, कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, उशीर झाला तर नजर जाते, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

तारा काढून आता आठ महिने झाले, रात्री रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा साचा) घालते. "दात सरळ झाले की डोकेदुखीही जाईल" असं मला एका ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं होतं, त्यावर विसंबून कोणी पैसे घालू नका, तारांनी जबड्याच्या सांध्याचं दुखणं किंवा डोकेदुखी बरी होते याला धड पुरावा नाही, तसाच तारांमुळे ते दुखणं सुरू होतं यालाही नाही. माझ्या डायरीत गेल्या महिन्यात पाच दिवस आहेत, आधी पाच-सहाच होते.