पोरगा जॉब बाद करतोय? आधी त्याची मोजणी बघा

भोसरीतल्या आपल्यासारख्या छोट्या वर्कशॉपमध्ये नवा शिकाऊ पोरगा लेथवर (तुकडा फिरवत कापायच्या मशीनवर) जॉबमागून जॉब, म्हणजे घडवायचे तुकडे, बाद करत असेल, तर त्याला लगेच झाडलोटीला लावू नका. दोन दिवस हातात फक्त व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती मोजपट्टी) द्या. बाद झालेलेच दहा-बारा तुकडे समोर ठेवा, व्यास वहीत लिहायला सांगा, मग तुम्ही पडताळा. 0.02 मिमीपर्यंत मोजणाऱ्या नेहमीच्या व्हर्नियरवर, सरकत्या पट्टीची सातवी बारीक रेघ मुख्य पट्टीच्या रेघेशी जुळली तर 0.14, पण 7 आकडा छापलेली रेघ जुळली तर 0.70. इथेच गोंधळ होतो आणि पोरं विचारायला लाजतात. (आपण तरी कुठे विचारत होतो?)

मोजणी बरोबर असेल तर कटाचा हिशोब तपासा. टूल 1 मिमी आत गेलं की व्यास 2 मिमीने उतरतो. काही मशीनच्या डायलवर मात्र टूल किती आत गेलं ते नाही, थेट व्यासाचेच आकडे असतात. तुमचा डायल कसला आहे, ते त्यालाच एक हलका कट मारून शोधू द्या.

ओरडायचंच असेल तर चहाच्या वेळी ओरडा. चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) फिरत असताना दचकलेला हात कुठे जाईल सांगता येत नाही.