स्लोवर गाडी बंद पडते: कार्बोरेटर आणि इंजिनामधलं रबर आधी तपासा

माझी १२५ सीसीची कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) गाडी, अकरा वर्षं जुनी. अमळनेर ते पारोळा रोजची ये-जा. सकाळी ठीक चालायची; इंजिन तापलं की स्लो (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) कधी चढायचा, कधी पडायचा आणि फाट्यावर रेस सोडली की गाडी बंद. उतारावर सायलेन्सर फटफट करायचा.

प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा धुऊन घेतला. दोन महिने वैताग आला.

खूण चोकने दिली. अर्धा चोक ओढला की इंजिन शांत चालायचं; चोकने हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरत होती.

मग इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबरावर फवाऱ्याने थोडं पाणी मारलं. लगेच आवाज बदलला, म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. (इथे पेट्रोल शिंपडू नका, सायलेन्सर तापलेला असतो.) रबर काढून वाकवलं, तर खालच्या अंगाला बारीक चीर. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात रबर असं कडक होतंच.

इंजिन थंड झाल्यावर पेट्रोल कॉक बंद केला, कार्बोरेटर मोकळा केला. रबर आणि ओ-रिंग (सांध्यातून हवा शिरू न देणारी गोल रबरी रिंग) दोन्ही नवीन टाकले. जुनी ओ-रिंग परत लावू नका. बोल्ट आलटून पालटून, सारखे आवळले.

शेवटी दहा मिनिटं गाडी चालवून, इंजिन गरम असताना सेटिंग: एअर स्क्रू (स्लोवरचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलकेच पूर्ण आत, मग दोन फेरे बाहेर. तिथून थोडा मागे-पुढे करून इंजिन सगळ्यात जोरात फिरेल तिथे ठेवला आणि स्लोच्या स्क्रूने १४०० आरपीएमवर आणलं.

तीन आठवडे झाले, एकदाही बंद पडली नाही.