पावसाआधी कॉलेजची इमारत कशी तपासायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला, पाऊस एकदा लागला की कौलावर चढायची सोय राहत नाही. म्हणून इकडच्या लहान कॉलेजात शिपाई किंवा अटेंडंट म्हणून नवीन लागला असाल तर मे महिन्यातच कामाला लागा. मी लॅब अटेंडंट म्हणून निवृत्त झालो. इमारत पाण्याच्या वाटेनं तपासायची, वरून खाली, एवढंच माझं शास्त्र. रंगरंगोटी मागाहून. (वरिष्ठांना आधी रंगच सुचतो, ऐकून घ्यायचं.)

कौलारू वर्गात भर दुपारी जा. दारं-खिडक्या लावा, दिवे बंद करा आणि वर बघा. उजेडाचा ठिपका दिसला की तिथलं कौल फुटलंय नाहीतर सरकलंय. वळवाची सर आली तर आणखी सोपं: फरशीवर थेंब पडतो तिथं खडूनं गोल करा. मात्र भोक बरोब्बर त्याच्या वर नसतं. पाणी वाशावरून ओघळत येतं आणि मग टपकतं, तेव्हा गोलापासून आढ्याच्या दिशेनं शोधत जा. मंगळुरी कौलावर मधोमध पाय देऊ नका. खाली रीप, म्हणजे कौलं टेकतात ती आडवी लाकडी पट्टी, असते तिथंच द्या, नाहीतर एक बदलायला जाल आणि चार फोडून याल. नवी आणताना जुन्याच्या पाठीवरचा कारखान्याचा शिक्का बघा. वेगळ्या साच्याचं कौल खाचेत नीट बसत नाही, मग वारा त्या फटीतून पाऊस आत मारतो. कुठं जुनं घर पाडत असतील तर तिथली धड कौलं मागून आणा आणि मागच्या भिंतीला रचून ठेवा. कुणी भंगार म्हणालं तरी हलवू देऊ नका.

स्लॅबवर फार काम नसतं. पाइपाच्या तोंडातला पालापाचोळा काढा, जाळी बसवा, झालं.

मग लॅब. गळतीखाली काय ठेवलंय ते आधी बघा. सोडियम रॉकेलात बुडवून ठेवतात, कारण पाणी लागलं की तो पेट घेतो. त्याची बाटली गळक्या कोपऱ्यात दिसली तर सरांना बोलावून त्याच दिवशी हलवून घ्या. ॲसिड डोळ्यांच्या वर नको, अमोनियाच्या शेजारी तर नकोच. सिलिंडरच्या खोलीत जमिनीलगतची जाळी मोकळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साठतो, वरच्या खिडकीचा उपयोग नाही. पावसात वारं लागतं म्हणून कुणीतरी त्या जाळीत पोतं कोंबतंच. ते काढा.

ग्रंथालयात कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. तळच्या खणात नेहमी जुनी, पुन्हा न मिळणारी पुस्तकं सापडतील, कारण ती कुणी मागत नाही. ती वर घ्या, गाइडं खाली जाऊ देत.

शेवटी पाण्याची टाकी. घासून भरल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. बादलीत कालवा, गाळ बसू द्या आणि वरचं पाणी तेवढं टाकीत ओता. अर्धा तास नळ सोडू नका. पावडरचं पाकीट उघडं पडलेलं असेल तर नवीन मागवा, त्यातला क्लोरीन उडालेला असतो.