टेकडी, कवडीपाट आणि मंडई : पुण्यात राहून वर्षभर छायाचित्रण कसे करावे

पुण्यात नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाचे पहिले काही रविवार बहुधा ठरलेले असतात : पावसाळ्याच्या अखेरीस फुलांसाठी कासचे पठार आणि थंडीत रोहित पक्ष्यांसाठी भिगवण. दोन्ही जागांच्या सौंदर्याबद्दल वाद नाही, पण वर्षातून एकदाच तिथे जाणाऱ्याला त्या दिवशी जे ऊन पडेल आणि जी गर्दी असेल ती पदरात पाडून परतावे लागते. छायाचित्रण खरोखर शिकायचे असेल, तर सहज जाता येईल अशी जवळची जागा निवडावी आणि सगळ्या ऋतूंत तिथेच पुन्हा पुन्हा जात राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे त्यासाठी तीन जागा घेतल्या आहेत : शहरातच असलेली वेताळ टेकडी, सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेच्या काठी असलेला कवडीपाट आणि महात्मा फुले मंडई.

साहित्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. फुले, कीटक, झाडे आणि बाजार यांसाठी बरा मोबाइल पुरेसा आहे. पक्ष्यांसाठी मात्र दूरचे जवळ आणणारी, किमान 300 मिलिमीटरची लेन्स लागते आणि तिला पर्याय नाही. मोबाइलवर पडद्याला बोट लावून आधी फोकस निश्चित करावा आणि मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करावा, कारण मोबाइलची सवय चित्र गरजेपेक्षा उजळ करण्याची असते आणि त्यात आकाशाचा व पाकळ्यांचा रंग उडून जातो.

वेळ मात्र काटेकोरपणे पाळावी लागते. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर, त्यामुळे ‘सकाळी सातला निघू’ हा बेत थंडीत चालतो आणि उन्हाळ्यात फसतो. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात ऊन तिरपे असते. त्यात गवताची पाती, कोळ्याची जाळी आणि पानांवरच्या शिरा उठून दिसतात. उन्हाळ्यात नऊनंतर टेकडीवर राहून हाती फारसे काही लागत नाही, ढगाळ दिवशी मात्र दुपारीही फुलांचे उत्तम चित्र मिळते, कारण ढगांमुळे ऊन गाळले जाते आणि काळ्या सावल्या पडत नाहीत.

वेताळ टेकडीवर काय टिपायचे हे ऋतूनुसार ठरवावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. तेव्हा पक्ष्यांच्या मागे धावण्याऐवजी फुललेल्या एकाच झाडाजवळ बसून राहावे. मध पिण्यासाठी शिंजीर, साळुंक्या आणि बुलबुल आपणहून तिथे येतात. फोकस फांदीच्या टोकावरील ताज्या फुलांवर आधीच साधून ठेवावा आणि शटर स्पीड, म्हणजे चित्र घेताना शटर उघडे राहण्याचा काळ, सेकंदाच्या 1/1000 भागाइतका किंवा त्याहून जलद ठेवावा. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण टेकडीइतकेच शहरातल्या रस्त्यांच्या कडेलाही मिळतात. मे अखेरीस, पाऊस तोंडावर आलेला असताना, झाडोऱ्यातल्या पाचोळ्यात नवरंग पक्षी दिसण्याची शक्यता असते. तो जमिनीवर चरतो, म्हणून उभे न राहता मांडी घालून बसावे. पावसाळ्यात तेरडा आणि सोनकी येतात.

रुईचे झुडूप मात्र कोणत्याही महिन्यात चुकवू नये. तिच्या पानाच्या खालच्या बाजूला प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडते आणि ती खाताना पानाच्या कडेला अर्धगोल खाचा पाडत जाते. तिचे चित्र घेताना कॅमेरा अळीच्या अंगाला समांतर धरावा, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी अळी एकाच वेळी स्पष्ट दिसते. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र, एफ/8 च्या आसपास ठेवावे आणि वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत वाट पाहावी. पान तोडून सोयीच्या उजेडात नेणे किंवा फवाऱ्याने खोटे दव उडवणे हे प्रकार सर्रास चालतात. ते करू नयेत.

कवडीपाटला जाण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. नदीवरच्या जुन्या बांधापाशी पाणी उथळ होते, खडक उघडे पडतात आणि त्यांवर शेकाटे, धोबी, बगळे आणि नदी सुरय येऊन बसतात. चक्रवाकही थंडीत इथे येतात. पोहोचल्यावर लगेच काठाकडे चालत जाऊ नये. दुचाकी किंवा गाडी थोडी दूर थांबवून पंधरा मिनिटे नुसते पाहावे, कारण प्रत्येक पक्ष्याचा एक ठरलेला फेरा असतो : धोबी शेपूट हलवत एकाच खडकावर परत परत येतो, कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सरळ खाली सूर मारतो. तो हवेत स्थिर असतानाचे क्षण मोलाचे असतात. त्यासाठी 1/2000 शटर स्पीड लावावा आणि उजेड कमी असल्यास आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवायला कचरू नये. चित्रात थोडे दाणे आलेले चालतात, पण हललेला पक्षी कोणत्याही सॉफ्टवेअरने स्थिर होत नाही.

पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येणे हा इथला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. उभ्याने काढलेल्या चित्रात शेकाट्याच्या लांब लाल पायांमागे चिखल येतो. काठावर पोटावर झोपून तेच चित्र घेतले, तर त्याच्यामागे दूरचे पाणी येते आणि ते धूसर होऊन पक्षी मोकळा दिसतो. त्यासाठी जाड प्लास्टिकचा एक तुकडा बरोबर ठेवावा. गडद पाण्यावर उभा असलेला पांढरा बगळा टिपताना एक्सपोजर, म्हणजे चित्रात घेतला जाणारा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), नाहीतर त्याची पिसे निव्वळ पांढऱ्या डागासारखी येतात.

या नदीत जलपर्णी, फेस आणि प्लास्टिकच्या पिशव्या असतात, वासही येतो, आणि बहुतेक छायाचित्रकार हे सगळे चौकटीबाहेर ठेवण्यासाठी धडपडतात. मला ते पटत नाही. प्रत्येक फेरीत निदान एक चित्र असे घ्यावे, ज्यात पक्षी आणि कचरा दोन्ही असतील. फांदीला अडकलेल्या पिशवीशेजारी बसलेला खंड्या हे आपल्या नदीचे खरे चित्र आहे, आणि रचना म्हणूनही निळ्या पंखांशेजारी मळकट पांढरी पिशवी नजर धरून ठेवते.

मंडईत तंत्रापेक्षा वागणूक महत्त्वाची ठरते. 1886 मध्ये उभी राहिलेली ही दगडी इमारत अष्टकोनी मनोऱ्यामुळे लांबूनच ओळखू येते, आणि नवखा माणूस मनोऱ्याचे चित्र काढून परततो. खरे काम गाळ्यांशी आहे. आधी भाजी घ्यावी, दोन शब्द बोलावेत आणि मग “मावशी, एक फोटो काढू का?” असे विचारावे. नकार आला तर कॅमेरा खाली घ्यावा. लपून काढलेला फोटो चांगला आला तरी दुसऱ्या वेळी त्या गाळ्यासमोर उभे राहण्याची सोय उरत नाही. परवानगी मिळाल्यावर लगेच चेहरा टिपू नये, कारण तो पहिल्या मिनिटाला अवघडलेला असतो. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारा हात टिपावा : 1/500 वर थेंब हवेत गोठलेले दिसतात, 1/30 वर त्यांच्या रेषा होतात, आणि दोन्ही करून पाहण्यासारखे आहे. आत उजेड कमी असतो. गाळ्यावरच्या दिव्यामुळे चित्र पिवळे पडले, तर व्हाइट बॅलन्सने, म्हणजे दिव्याच्या रंगाची झाक काढणाऱ्या सोयीने, ते पूर्ण ‘दुरुस्त’ करण्याच्या भरीस पडू नये, निम्मे पिवळेपण राहू द्यावे.

पक्ष्यांच्या बाबतीत दोन पथ्ये काटेकोर असावीत. विणीच्या काळात घरट्याजवळ जाऊ नये, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, कारण तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून चारा-पिल्ले सोडून धावत येतो. घुबडाची नेमकी जागा कोणालाही सांगू नये. अभयारण्यात जाणार असाल, तर छायाचित्रणाची परवानगी आणि शुल्क यांची चौकशी वन खात्याकडे आधीच करावी.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते आणि ती लागल्यावर दुरुस्ती महाग पडते. फेरीवरून आल्यावर कॅमेरा लगेच पिशवीत कोंबू नये. कोरड्या कापडाने पुसून काही वेळ पंख्याखाली ठेवावा आणि मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. पुड्यांतले रंगीत दाणे रंग बदलू लागले की त्यांनी ओल शोषली असे समजून त्या बदलाव्यात.

चित्रे संगणकावर घेतली की त्याच संध्याकाळी निवड करावी आणि एका प्रसंगाची दोनच ठेवावीत. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, जागा आणि झाडाचे किंवा पक्ष्याचे नाव घालावे. नाव माहीत नसेल, तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चित्र चढवावे, तिथले जाणकार ओळख पटवण्यास मदत करतात. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर कराव्यात. असे वर्षभर केल्यावर टेकडीवरचा कोणता पळस आधी फुलतो आणि कवडीपाटला चक्रवाक कोणत्या आठवड्यात उतरतात, हे स्वतःच्याच फाइलींच्या यादीवरून कळते आणि पुढच्या हंगामाची रजा त्यानुसार टाकता येते.